बेटावरच्या शाळेतला पहिला दिवस

अर्नाळ्यासमोरच्या बेटावरच्या शाळेत मी मास्तर म्हणून रुजू झालो, तो दिवस सांगतो. सत्त्याण्णव साल असेल. कडक इस्त्रीची पँट, नवे बूट आणि पिशवीत नेमणुकीचं पत्र.

होडी किनाऱ्यापासून लांबच थांबली. शेजारी बसलेली कोळीण, हिराबाय, म्हणाली, "उतर मास्तर, पानी गुडघ्याएवढंच हाय."

मी उतरलो तो थेट छातीपर्यंत पाण्यात. हिराबायनं आधी माझी पिशवी पकडली, मग माझी कॉलर.

"अहो, तुम्ही गुडघ्याएवढं म्हणालात!"

"ते या अंगाला. तू त्या अंगाला कशाला उतरलास?"

पत्र चिंब भिजलेलं, आणि रुजू व्हायची शेवटची तारीख तीच. मला रडूच यायचं बाकी होतं. तिनं मला घरी नेलं, पत्र बोंबलांच्या दोरीवर वाळत घातलं, चहा पाजला आणि नवऱ्याची लुंगी दिली.

तसाच हिराबायसोबत शाळेत गेलो. हेडमास्तरांनी पत्र हुंगलं, मग लुंगीकडे पाहिलं.

"सर, माफ करा, पहिल्याच दिवशी असं..."

"माफी कसली? मी आलो तेव्हा हिच्या सासूनं मला लुगडं नेसवून पाठवलं होतं!"