प्रॉसरच्या गवतातला धोंडा

हॅलो? … हो नेस्ट, मीच. इडवल. तुझा भाऊ, दुसरा कोण? … वाचनालयाच्या गाडीतून बोलतोय. झाली दुरुस्त! … नाही गं, उभी आहे. … कुठे? … प्रॉसरच्या फाटकासमोर.

ओरडू नकोस. अगं ऐक ना…

नुसतं झाकण नाही बदललं. जुनं पत्र्याचं होतं ना, मागच्या चाकांच्या मधल्या डिफरन्शियलचं? ते प्रॉसरच्या धोंड्यावर आपटून आत दबलं, चिरलं, सगळं तेल गळून गेलं. … हो, तो वास! अजून माझ्या कोटाला येतो. आता गॅरेजवाल्या कॅरिसने जाडजूड, बिडाचं बसवलंय. म्हणाली, "आता धोंडा फुटेल, हे नाही फुटणार." म्हटलं, बघूया तरी.

… चेष्टा कसली? धोंडा तिथेच आहे. उलट प्रॉसरने त्याला पुन्हा पांढरा रंग फासलाय! … आणि रस्त्याकडेचं गवत काय त्याच्या बापाचं? एवढासा अरुंद रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला की गाडी मागे घ्यायची, गवतात चढवायची. या दरीत सगळे तेच करतात. आणि हा तिथे धोंडा रोवतो. का, तर गवत चेपू नये!

वर पबमध्ये काय म्हणाला… तुला कुणी सांगितलं? … हं, तेच. "वाचनालयाच्या गाडीवर असा माणूस बसवलाय, ज्याला पानं उलटता येतात, गाडी मागे घेता येत नाही." सगळे हसले. … मी? मीही हसलो. तेच सलतंय गं! महिनाभर दरीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुस्तक मिळालं नाही, आणि मी आपला हसलो.

… नाही, आज घाबरणार नाही. फोन सीटवर ठेवतो. ऐक हं…

…

काही ऐकू आलं? … नाही ना. नाही चढवली धोंड्यावर. ब्रेकवरचा पाय उचललाच नाही. … आणि मागे पुस्तकं आहेत, शेल्फवरून पडतील… बहाणा नाही! … बरं, बहाणा.

अगं, तोच येतोय! घरातल्या सपाता घालून. … पुस्तकासाठी, ती खुनाची कादंबरी हवीय त्याला. ख्रिसमसपासून नंबर लावून बसलाय. … आली ना, माझ्या मांडीवरच आहे. … नाही कसं म्हणू? वाचकाला पुस्तक नाकारायचं नाही, आयुष्यभर कुणाला नाकारलं नाही. … हो, मी आधीच वाचली. … थांब. फोन ठेवू नकोस.

नमस्कार, मिस्टर प्रॉसर. … हो, झाली दुरुस्त. … हो, हो, मागे बघूनच घेईन. … हे घ्या, तुमचं पुस्तक. … छान आहे. शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

… मिस्टर प्रॉसर?

चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई. तिनेच मारलं. तिघांनाही.

… ऐकलंस, नेस्ट? … मीच! मीच बोललो! … हसू नकोस, मला हसू येईल. … धोंड्याकडे वळला. … आता बसला. त्याच धोंड्यावर. पुस्तक उघडलं… शेवटचं पान वाचतोय…

… पटली खात्री. अगं, उठला! इकडेच येतोय! फोन ठेव, ठेव…