क्लचवरचा पाय

लेक : बाबा, सांगा ना, दाबलाय का क्लच? मी इथं बंपर आणि भिंतीच्या मध्ये पालीसारखी चिकटून उभी आहे.

बाबा : दाबलाय गं. पण ठमे, आज राहू दे.

लेक : का म्हणून? बॅटरी नवी टाकली, जुनं डिझेल काढून नवं भरलं, एअर फिल्टरमधून उंदरांचा अख्खा संसार बाहेर काढला. तीन वर्षांनी आपली पिकअप चालू होतेय, आणि तुमचं आपलं नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!

बाबा : गियर पहिल्यातच अडकून बसलाय ना.

लेक : बसणारच. हँडब्रेक तुटला तो तुटलाच. आजोबांपासून आपल्या घरात रीतच पडलीय, गाडी गियरमध्ये टाकून उभी करायची. म्हणून तर क्लच धरून बसा म्हणतेय. किल्लीनं स्टार्टर फिरत नाही, मी इथून वायर जोडते. तुम्ही फक्त पाय काढू नका.

बाबा : जॅक लावून मागची चाकं उचलू. हवेत फिरली तर फिरली, कुणाला भीती नाही.

लेक : जॅक काकाकडे आहे आणि काका गावाला. सोमवारी नर्सरीतली रोपं पोचवायचीयत. तुम्ही स्टिअरिंगवर, मी शेजारी. ठरलंय ना आपलं?

बाबा : ठरलंय.

लेक : मग? घाबरलात की काय? गाडीवर जन्म काढलेला माणूस!

बाबा : घाबरलोय.

लेक : काहीतरीच तुमचं! चला. क्लच?

बाबा : हं. दाबला.

लेक : जोडतेय हं. फिरतोय, बाबा, फिरतोय! पकडेल आता इंजिन! अरे... बाबा! पुढे येतेय! क्लच! क्लच दाबा!

बाबा : दाबलाय! दाबलाय गं! ठमे! ठमे, बोल काहीतरी!

लेक : वायर सोडली. थांबली गाडी. आहे मी.

बाबा : लागलं? मोडलं काही?

लेक : नाही. बंपर गुडघ्यांना टेकलाय. वीतभर आली पुढे. अजून तेवढीच आली असती ना...

बाबा : आधी बाहेर ये. बाजूनं सरकत सरकत. सावकाश.

लेक : आले. क्लचप्लेट चिकटली असणार गंजून. तीन वर्षं एका जागी म्हटल्यावर दुसरं काय होणार?

बाबा : हो. तसंच असेल.

लेक : मग चार-पाच वेळा जोरात दाबून सोडा, सुटेल. मी जाते परत पुढे.

बाबा : नाही!

लेक : अहो, पण प्लेट सुटली की...

बाबा : तिथं परत उभं राहायचं नाही म्हणजे नाही!

लेक : बरं बरं, अंगावर कशाला येताय? मीच बघते पेडल. दार उघडू दे, सरका जरा... बाबा.

बाबा : काय?

लेक : तुमचा पाय कुठाय?

बाबा : क्लचवर.

लेक : क्लचवर नाहीये. खाली मुडपलाय, पेडलच्या खाली. चप्पल निसटलीय. अंगठ्यातून रक्त येतंय, मॅटवर थारोळं झालंय. दुखत नाही तुम्हाला?

बाबा : कुठल्या अंगठ्यातून?

लेक : खाली बघा ना!

बाबा : अरे देवा. मला वाटलं, दाबलाय.

(लेक पाण्याची बादली आणून त्याच्या पायाशी बसते.)

लेक : द्या पाय इकडे. गार लागतंय का पाणी?

बाबा : तू म्हणशील तसं.

लेक : चेष्टा नको हं आत्ता.

बाबा : चेष्टा कसली? तुला चिरडून टाकलं असतं मी. आणि वर म्हणत बसलो असतो, दाबलाय, दाबलाय.

लेक : मग बसलात कशाला आत?

बाबा : आठवडाभर ग्रीसमध्ये माखली होतीस. भेटेल त्याला सांगत होतीस, आमचे बाबा परत गाडी चालवणार. कुठल्या तोंडानं नाही म्हणू? म्हटलं, बघत बघत दाबीन. जिनासुद्धा पायाकडे बघतच उतरतो मी हल्ली. पण तू वायर जोडलीस, बॉनेटच्या फटीतून तुझा हात दिसला, आणि मी तिकडे बघितलं.

लेक : आईला माहितीये?

बाबा : तिला वाटतं, वय झालं म्हणून सावकाश चालतो.

लेक : उठा. डॉक्टरकडे जायचं, आत्ताच्या आत्ता. रोपं गेली खड्ड्यात.

बाबा : तो काय सांगेल, त्याचीच भीती वाटते गं.

लेक : मलाही वाटतेय. थांबा, इथं चिमटा काढतेय. कळतंय?

बाबा : नाही.

लेक : आणि इथं, घोट्याला?

बाबा : अंहं.

लेक : पोटरीला?

बाबा : अजून वर. हां, गुडघ्याजवळ. तिथं कळतंय.

लेक : आणि तीन वर्षांपूर्वी गाडी बंद करून ठेवलीत तेव्हा? डोळ्यांना नीट दिसत नाही म्हणाला होतात.

बाबा : डोळे चांगले आहेत माझे. तेव्हा पायाची नुसती बोटं बधिर होती.