घळीतली तिसरी हाक

ऐका गं. ती बत्ती जरा बारीक करा, डोळ्यांवर येते. आणि ठकूबाई, सुनेला घरात कशाला पिटाळतेस? पोटुशीनं भुताची गोष्ट ऐकू नये म्हणे! अगं, ही गोष्ट पोटुशीचीच आहे. बसू दे तिला.

मी तेव्हा खालच्या दवाखान्यात नर्स होते. दिवेलागण होऊन गेलेली. वरच्या धनगरवाड्यावरनं कोंडू धापा टाकत आला. "बाई, भागूला कळा लागल्यात. सकाळधरनं." सकाळधरनं! आणि हा शहाणा आता येतो. पिशवी उचलली नि त्याच्यामागं निघाले. वर जाऊन बघते तर पहिलटकरीण, थकून पार गळून गेलेली. म्हणलं, हिला खाली न्यायलाच पाहिजे. घोंगड्याची झोळी करून बांबूला बांधली. पुढं कोंडूचा भाऊ राघू, मागं कोंडू, बाजूनं मी. एका हातात कंदील, दुसरा हात भागूच्या पोटावर. तो हात मी वाटेत काढत नसे कधी. पोट कडक झालं की कळ आली, सैल पडलं की गेली. बघावं लागत नाही.

गाडीवाट लांबची. राघू म्हणाला, घळीच्या वाटेनं जाऊ.

घळीच्या वाटेनं! रात्री! पण इलाज होता का दुसरा?

उतरलो घळीत. आणि मागनं हाक आली. "अवंऽ..."

बाईचा आवाज. कोंडूचं पाऊल अडखळलं, पण त्यानं ओ दिली नाही. आपल्याकडं रीतच आहे ना, रात्री हाक आली तर तिसऱ्या हाकेबिगर ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही म्हणतात. म्हणतात! कुणी विचारून आलंय का भुताला?

थोडं पुढं गेलो तर पुन्हा. "अवं, पाणी." ही झोळीतली होती, खरी भागू. कोंडू तरी गप्प! मी ओरडले, "अरे मेल्या, बायको बोलतेय तुझी!" तर म्हणतो, "एकच हाक आली बाई. कशावरनं तिची?" कपाळ माझं. कळा सोसणाऱ्या बाईत तीनदा हाका मारायचा दम असतो होय? मीच तिच्या तोंडात पाणी सोडलं.

आता ऐका, त्या घळीत फार मागं एक बाई मेली होती. ती पण झोळीतनंच चाललेली, बाळंतपणाला. माणसं तिला ठेवून झऱ्यावर पाणी आणायला गेली. तिनं हाक मारली. मग दुसरी मारली. माणसांना वाटलं हडळ, कुणी ओ दिली नाही. तिसरी मारायला तिच्यात जीव उरला नाही. लेकरू पोटातच गेलं. तेव्हापासनं ती तिथं आहे.

तर चाललोय आम्ही. मधेच कोंडू किंचाळला, "बाई, झोळी हलकी झाली! भागू न्हाई हिच्यात!" माझा हात भागूच्या पोटावर. पोट दगडासारखं कडक. मी म्हणतेय, "आहे रे, आहे!" त्याला पटेना. बांबू त्याच्या खांद्यावर नुसता काठीसारखा लागत होता म्हणे.

आणि तेवढ्यात पाणमोट फुटली. काय करणार? कातळावर झोळी ठेवली. राघूला खाली पिटाळलं, माणसं आण म्हणलं. कोंडू चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभा. पुरुषांनी बघायचं नाही ना! अंधाराकडं तोंड करून उभा राहिला बाबा. त्याच्यापुढं थोड्याच अंतरावर कडा तुटलेला.

मी कंदील ठेवला, गुडघ्यावर बसले. बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं. भागूला म्हणलं, "आता आवाज नको, सगळा जोर खाली." ती बिचारी दात आवळून गप्प.

आणि कड्याकडनं भागूचा आवाज आला. "अवं, मी पडले हितं."

मग, "अवं, या की!"

 मी मनात म्हणतेय, झाल्या दोन हाका, आता ती गप्प बसेल.

तिसरी हाक आली! "अवंऽ!"

"तिसरी हाक!" कोंडू रडायलाच लागला. "भागूच हाय ती!" आणि निघाला कड्याकडं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "कोंडू! माघारी फिर!" छे! तो ओ देईल होय? आता त्याच्या लेखी मीच भूत. धावत जावं तर बाळाचं डोकं माझ्या हातात. दोनच हात हो देवानं दिलेले! तिकडं त्याच्या पायाखालनं दगड सुटून खाली गडगडत होते, आणि मला जागचं हलता येईना. असली हतबल मी जन्मात कधी झाले नाही.

बाळ आलं. निळं! रडेना. बोटाला फडकं गुंडाळून तोंड पुसलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. रड रे राजा, रड! तुझ्यासाठी रड, तुझ्या बापासाठी रड!

ट्यांऽहां!

कोंडू थांबला. एक पाय कड्यावर, एक मोकळा. तसाच खाली बसला, आणि रांगत रांगत आमच्याकडं आला. हडळीला सगळ्यांचे आवाज काढता येतात, पण हे रडणं तिला येत नव्हतं. तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

नाळ कापली, बाळ भागूच्या छातीशी दिलं, वार पडायची वाट बघत बसले. बाळ दूध चोखत झोपलं. सगळं निवांत. आणि कड्याखालनं बारीक आवाज आला. "ट्यां..." फाटका, वेडावाकडा. थोड्या वेळानं पुन्हा, जरा बरा. मग पुन्हा. शिकत होती ती! तिसऱ्या वेळी हुबेहूब आमच्या बाळासारखं रडली. भागूनं दचकून पदर वर करून बघितलं. बाळ झोपलेलंच होतं. मला भीती नाही वाटली, रडू आलं. मग राघू माणसं घेऊन येईतोवर ती मलाच हाका मारत राहिली, "बाई, माझ्याकडं पण या." काय करणार होते मी तिच्याकडं जाऊन?

म्हणून सांगते, दिवस भरायच्या आधी पोरींना खाली आणून ठेवा. त्या वाटेला जाऊ नका. रात्री तर नाहीच, आणि झोळी घेऊन कधीच नाही. आमच्या वेळी बाळ रडलं म्हणून एक माणूस वाचला. आता तिला ते रडणंही येतं.