एल्वीचे बूट

कुओपिओच्या दवाखान्यात नंबराची चिठ्ठी धरून बसलेल्या काइसूला दुसऱ्यांच्या घरात डोकवायचं नव्हतं. पण समोरच्याच बाकावर सासू-सून बसलेल्या. कान कुठे ठेवणार?

“डॉक्टरला काय सांगणार आहेस, हेल्मी?”

“घडलं ते. तुमच्या मुलाने मला मारलं आणि एल्वीने ते पाहिलं.”

“झोपली होती गं ती. पाच वर्षांची पोर, तिला काय कळतंय.”

“तीच पोर तेव्हापासून बूट घालून झोपते, आई.”

“घरात? बूट?”

“पांघरुणात. बर्फातले जाडजूड. काढायला गेलं की अंग ताठ करते. पाळणाघरात सगळ्यांचे बूट दाराशी, हिचे पायात. तिथल्या बाई मला विचारतात, घरी वळण लावलं नाही का?”

“हट्ट असतो या वयात. जाईल.”

“मी विचारलं तिला. म्हणाली, आई, तुला घेऊन पळायचं तर बूट शोधण्यात वेळ जाईल.”

सासू हातमोज्यांची घडी घालत राहिली.

“आर्तो आता पीत नाही. आणि डॉक्टरने एकदा लिहिलं की ते पुसलं जात नाही.”

“म्हणूनच लिहून घ्यायचंय.”

फलकावर नंबर लागला. हेल्मी उठली.

“तुम्ही इथेच बसा हवं तर.”

“नाड्या बांधते का गं ती? झोपताना?”

“दुहेरी गाठ मारून. का?”

“माझा आर्तोही तशीच गाठ मारायचा. सहा वर्षांचा होता. त्याचा बाप जाईपर्यंत बूट घालूनच झोपला.” म्हातारी बाकाला धरून उठली. “तेव्हा मीच सगळ्यांना सांगत होते, हट्ट आहे म्हणून. चल. हे आत मी सांगते.”