काट्यांची मासोळी

सन पस्तीसची गोष्ट. शेलूबाजारच्या बाजारात मासे विकणाऱ्या भोयाच्या पाटीपुढं इब्राहीम विणकराच्या दोघी बायका, थोरली नसीम न् धाकटी फरहत, उभ्या होत्या. शेजारी कोथिंबीर मांडून बसलेल्या अंजना माळणीचे कान तिकडंच लागले होते.

“माह्यावाणी रोहू कोणाले जमत नाई, आपा. काटा न् काटा काढून घेते. पांढरेशुभ्र तुकडे, हळद, मीठ, लिंबू. तोंडात टाकलं का विरघळलं!”

“मंग तुह्या बारीच्या दिवशी ते चार घासात काहून उठतात व?”

“तुले कोनं सांगितलं?”

“मले मालूम हाये. माह्याकडं घंटाभर बसतात.”

“तू काय टाकतं त्याच्यात?”

“हळद न् मीठ.”

“लपवू नको, आपा.”

“काटे राहू देते. ते बसून एकएक काटा काढतात, न् साफ केलेला तुकडा माह्या ताटात ठेवतात. बावीस वर्सं झाली.”

फरहतनं पाटीतला एक रोहू भोयापुढं सरकवला.

“काटे काढू ना, बाई, नेहमीवाणी?” भोयानं सुरी उचलली.

“नको. राहू द्या.”

“सगळे?”

“सगळे.”

पैसे काढायला पिशवीत गेलेला नसीमचा हात पिशवीतच राहिला.