पाठमोरं चित्र

(पॅरिस, १९५४. रेमों व्हालोन या फॅशन डिझायनरच्या पेढीतली, कपडे अंगावर घालून बघायची खोली. आरशांवर पडदे ओढलेले. गायिका एलियान नवा झगा घालून उभी; पेढीतली शिवणकाम करणारी ओर्तांस आणि रेमों शेजारी.)

एलियान : झग्याच्या पाठीला ही जाळी कुठून आली, ओर्तांस? चित्रात तर पाठ पार कमरेपर्यंत उघडी आहे.

ओर्तांस : शोभेल म्हणून लावली, बाईसाहेब. नुसती टाचलीय, शिवलेली नाही अजून.

एलियान : शोभेल म्हणून, की झाकेल म्हणून? रेमों, तू सांगितलंस यांना?

रेमों : नाही. पण लावू नका असंही म्हटलं नाही.

एलियान : वा! म्हणजे दोघांचं संगनमत. अरे, हे चित्र तूच काढून दिलंस ना मला? सॅनेटोरियममध्ये खाटेशेजारी लावलं होतं. नर्स विचारायची, ही पाठमोरी बाई कोण? मी म्हणायचे, मीच. बरी झाले की पहिल्या मैफलीला हाच झगा घालून गाणार.

रेमों : तेव्हा तुझ्या बरगड्या जागेवर होत्या.

ओर्तांस : साहेब! असं बोलतात का?

रेमों : मग कसं बोलू? क्षयातून वाचवायला डॉक्टरांनी बरगड्या काढल्या, खांदा उतरला. मी हे जुन्या मापावर काढलं होतं.

एलियान : माहितीये मला. माझ्याच काढल्या.

ओर्तांस : बाईसाहेब, गाताना तोंड लोकांकडे असतं. पाठ दिसणार ती फक्त आत जाताना.

एलियान : टाळ्या तेव्हाच तर पडतात! काढा ती जाळी. आणि आरशांवरचे पडदेही सरकवा.

ओर्तांस : पडदे कशाला?

एलियान : मी पाहिलेली नाही अजून.

रेमों : काय पाहिलेलं नाही?

एलियान : पाठ. सॅनेटोरियममध्ये आरसा तोंडापुरता. घरी आले तर बहिणीनं मोठा आरसा माळ्यावर टाकलेला. मीही मागितला नाही.

रेमों : सरकवा पडदे, ओर्तांसबाई.

ओर्तांस : घ्या... बाईसाहेब? बसता का जरा? पाणी आणू?

एलियान : केवढा मोठा व्रण आहे हा! मला वाटलं, बोटभर असेल. हा तर खांद्याच्या पात्याला वळसा घालून पार काखेखाली गेलाय. आणि हा खांदा... हा कुणा दुसरीचाच. लावा ती जाळी, ओर्तांस. तुमचंच बरोबर होतं.

रेमों : नका लावू.

एलियान : आता थट्टा नको, रेमों.

रेमों : हलू नकोस. ओर्तांसबाई, तो कागद द्या इकडे. आणि कोळसा. ज्या बाईचं मी चित्र काढलं होतं, ती काही आज आलेली नाही. जी आलीय तिचं काढतो.

एलियान : मूर्खा, मी रडतेय.

रेमों : पाठमोरी आहेस. मला दिसत नाही.

ओर्तांस : हा घ्या माझा रुमाल. झग्यावर पाणी पडू देऊ नका, मखमलीवर डाग राहतो.

एलियान : झालं का? बघू... खांदा सरळ नाही केलास तू.

रेमों : नाही. उंच खांद्यावरून मखमल तिरकी सोडतो, उतरत्या बाजूकडे. तू कलतेस तसाच झगाही कलेल. व्रण अर्धा झाकला जाईल.

एलियान : चित्रात एवढा वाईट दिसत नाही.

रेमों : मी काहीही कमी केलेलं नाही.

एलियान : मग अर्धा तरी कशाला झाकायचा? अर्धं दिसलं की लोक उरलेलं विचारत बसतात. दिसू दे सगळा.

रेमों : नक्की?

एलियान : पुन्हा विचारू नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल.

ओर्तांस : हात जरा वर घ्या, बाईसाहेब. टाचण्या नव्यानं लावते. इथं हात लागला तर चालेल ना?

एलियान : चालेल.

ओर्तांस : दुखतं का अजून?

एलियान : हसले की दुखतं.

ओर्तांस : आणि गाताना?

एलियान : गाताना लक्षात राहत नाही.