मला स्वेटर, सापाला अठ्ठावीस डिग्री

...म्हणजे मला स्वेटर, आणि सापाला अठ्ठावीस डिग्री! नाही, तुम्हीच सांगा, हा न्याय झाला का? बाहेर बर्फ, गाड्यांवर बर्फ, खिडकीच्या काचेवर बर्फ, आणि आमच्या घरातल्या प्रत्येक रेडिएटरचा नॉब दोनवर! कारण आमच्या ह्यांचं ठाम मत, की दोनच्या पुढचे आकडे कंपनीने शोभेसाठी छापलेत. मी म्हणायची, "अहो, थंडी वाजतेय." की पेपरातून डोकं वर न काढता उत्तर तयार, "स्वेटर घाल." अहो, घातलाय! "मग त्यावर दुसरा घाल." अशी उभी हयात मी जर्मनीतल्या ह्या हेर्त्सोगेनआउराख गावात कोबीसारखी काढली हो, पानावर पान, पानावर पान...

आमचे हे, चारुदत्त, बेअरिंगच्या कारखान्यात इंजिनिअर. माणूस सरळ. सुपारीचं खांड माहीत नाही. पण पन्नाशी आली आणि काय झालं कोण जाणे. लोक पन्नाशीत काय आणतात? कॅमेरा आणतात, सायकल आणतात, फार तर गुडघ्याचा पट्टा आणतात. हे साप घेऊन आले! नारिंगी रंगाचा, पाठीवर तांबडे डाग, आणि उभा केला तर माझ्या खांद्याला लागेल एवढा. मी दारातच ओरडले, तर म्हणतात, "अगं, विष नाही त्याला." जसं काही मी विषासाठीच अडून बसले होते!

त्याचं नाव ठेवलं हेर डॉक्टर, म्हणजे डॉक्टरसाहेब. ह्यांचे ऑफिसातले साहेब म्हणे अगदी असेच. दिवसभर उबेत पडून राहायचे, कुणाला उत्तर द्यायचे नाहीत, आणि लोक आपले काचेतून वाकून बघून जायचे.

तर हेर डॉक्टरांना मागची छोटी खोली. तिथे काचेची पेटी, पेटीत दिवा, आणि खोलीतला रेडिएटर... पाचवर! तो नॉब पाचपर्यंत फिरतो हे मला त्या दिवशी कळलं! मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर शांतपणे, "नीलिमा, तो थंड रक्ताचा प्राणी आहे. त्याला बाहेरून ऊब द्यावी लागते." आणि संध्याकाळी हे स्वतः त्या खोलीत बसणार, बनियनवर, पेपर वाचत! का? तर सापाला सोबत! वर मला हाक, "ये की गं इथे." मी जाते? सापाच्या खोलीत? मी किचनमध्ये बसायची, दोन स्वेटर घालून, मुद्दाम भांडी आपटत. मला स्वेटर, आणि सापाला अठ्ठावीस डिग्री!

हे गेले त्याला आता दुसरं वर्ष. साप आहे.

आणि तो वीस-वीस वर्षं जगतो म्हणे! मला पुण्याला जायचं तर ह्याला ठेवू कुणाकडे? शेजारणीला सांगू, "दूध घ्या, टपाल घ्या आणि दर आठवड्याला एक उंदीर घाला"? शेवटी मन घट्ट केलं आणि ज्यांच्याकडून तो आणला होता त्या बाम्बेर्गच्या हेर फोगेलना फोन केला. म्हटलं, घेऊन जा बाबा तुमचा जावई परत. ते म्हणाले, सोमवारी येतो, तोवर खायला घालू नका, प्रवासात त्रास होईल. म्हटलं, गेनाऊ, अगदी तसंच. आता सोमवारपर्यंत त्याला धड ठेवायचं, एवढंच. ह्यांनी इतकं जपलेलं जनावर माझ्या हातून जायला नको. एवढं झालं की मी सुटले.

आणि शनिवारी संध्याकाळी सबंध इमारतीचं हीटिंग बंद!

यंदा फुटबॉलचा वर्ल्ड कप जर्मनीत व्हायचाय ना, तर ह्याच जानेवारीत. कडाका असा की थुंकी खाली पडेपर्यंत गोठेल. हीटिंगवाल्यांच्या नोटडीन्स्टला, म्हणजे तातडीच्या नंबरावर, फोन केला, तिकडून एक पोरगी, "हो, हो, अख्खा फ्रांकेन प्रांत गारठलाय, सोमवारी सकाळी माणूस येईल." अगं, सोमवारी माणूस येईल, पण रविवारी साप जाईल त्याचं काय! मग मी ओव्हन लावून दार उघडं ठेवलं, किटली लावली, इस्त्री लावली, आणि हेअर ड्रायर घेऊन पेटीसमोर उभी राहिले, जणू हेर डॉक्टरांना लग्नाला जायचंय... आणि फाट्! घरातली वीज गेली. खाली जाऊन फ्यूज वर केला, वीज आली, आणि पेटीतल्या दिव्याने टप् करून जीव सोडला. तोवर उजाडला रविवार! जर्मनीत रविवारी दिवा मिळतो का? जर्मनीत रविवारी मोठ्याने शिंकायची चोरी! म्हटलं, घरातला दुसरा लावू. तर घरातले सगळे दिवे ह्यांनी काटकसरीचे आणलेले. उजेड देतात, ऊब द्यायची म्हटली तर शप्पथ!

तेवढ्यात पुण्याहून वन्संचा फोन, स्नेहलताताईंचा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यात काय एवढं? गोधडी घाल त्याच्यावर!" आणि मी शहाणी, माझ्या आईने शिवलेली गोधडी काढली आणि पेटीला अशी गुंडाळली की बाळंतिणीला कुणी गुंडाळणार नाही. थोड्या वेळाने आत हात घालून बघितलं, तर गारच! तेव्हा डोक्यात उजेड पडला. गोधडी कुठे गरम असते? गरम आपण असतो! ती आपली आपलंच आपल्याला परत देते. आणि ह्याच्याकडे मुळात आहे काय परत द्यायला? मी फक्त थंडी नीट बांधून ठेवली होती हो!

मग काढले डबे. स्टीलचे. पोह्यांचा, साबुदाण्याचा, मेतकुटाचा... सगळे रिकामे केले, उकळतं पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळून पेटीत ठेवले, आणि त्यावर गोधडी. हेर डॉक्टर आले हळूच आणि साबुदाण्याच्या डब्याला वेटोळं घालून बसले. डबा निवला की काढा, भरा, परत ठेवा. वरून घरमालकीण फ्राऊ लिंडनर आल्या. बिचारीने माझ्यासाठी रबरी पिशवी आणलेली, लोकरीच्या अंगरख्यातली. ती मी सापाला दिली! आणि बाईंनी केलं काय, आत येऊन पहिली खिडकी सताड उघडली. "फ्राऊ परचुरे, ल्युफ्टन! हवा खेळती नसेल तर भिंतीला बुरशी येते!" अहो बाई, बुरशी यायलासुद्धा जरा ऊब लागते!

रविवारचा सबंध दिवस मी त्या खोलीत होते. ह्यांच्या खुर्चीत. तीन स्वेटर, कानटोपी, आणि मांडीवर पुढचा डबा. मला स्वेटर, आणि सापाला... बोलतच होते त्याच्याशी. "मरू नकोस रे," म्हटलं, "सोमवारपर्यंत मरू नकोस. मग बाम्बेर्गला जाऊन काय करायचं ते कर."

सोमवारी सकाळी हीटिंगवाला येऊन गेला. मागोमाग हेर फोगेल. डब्यांची ती रांग बघून दारातच थबकले. "हे काय?" मी सगळं सांगितलं, घसा बसेपर्यंत सांगितलं. त्यांनी हेर डॉक्टरांना उचललं, पोट बघितलं, तोंड बघितलं, आणि हसायलाच लागले. "अहो फ्राऊ परचुरे, हा कोर्ननाटर आहे, मक्याच्या शेतातला साप! अजगर असता तर गोष्ट वेगळी. पोट रिकामं असलं की ह्याला गारव्याचं काही नाही. माझे तर सगळे हिवाळ्यात तळघरात झोपतात, थंडीत. दोन-दोन महिने!"

मी म्हटलं, "तळघरात? आणि ही खोली? हा पाच नंबर?"

"पेटीतला दिवा पुरतो की. खोली कशाला तापवायची? तुमच्या मिस्टरांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांनी तर लिहून घेतलं होतं!"

मी बसलेच. म्हणजे ह्यांना माहीत होतं! पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मग ही खोली तापत होती कुणासाठी?

...अहो, बनियनवर कोण बसायचं?

थंडी ह्यांनाच वाजत होती हो! पण आयुष्यभर "स्वेटर घाल, स्वेटर घाल" म्हटल्यावर आता कुठल्या तोंडाने म्हणणार, की नीलिमा, मला गारठा सोसत नाही? मग आणला साप! एवढा हुशार इंजिनिअर, पण नॉब फिरवायला मध्ये साप लागला! आणि "ये की गं इथे" म्हणायचे, ते... जाऊ दे. आधी मला संताप आला, मग हसू आलं, आणि मग हेर फोगेल घाबरून म्हणाले, "पाणी आणू का?"

म्हटलं, पाणी नको. डबे भरलेत.

त्यांनी पिशवी उघडली, हेर डॉक्टरांना आत घालायला. मी म्हटलं, "राहू दे. मी पुण्याला जाईन तेव्हा तुमच्या तळघरात आणून ठेवेन." ते गेले, आणि मी घरभर फिरून एकेक नॉब पाचवर केला. हॉल पाच, बेडरूम पाच, किचन पाच!

परवा फ्राऊ लिंडनर आल्या, किचनमध्ये पाऊल टाकलं आणि घाम पुसायला लागल्या. "फ्राऊ परचुरे, इथे एवढं कशासाठी तापवलंय?"

मी स्वेटर काढून खुर्चीवर टाकला आणि म्हटलं, "काय करणार बाई... सापाला लागतं!"